मशीन खराब नव्हतं : ज्येष्ठांच्या नाडीबद्दल आरोग्य विभागास खुले पत्र

प्रति,
माननीय आरोग्यमंत्री आणि सार्वजनिक आरोग्य विभागातील सर्व अधिकारी,
महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी २६ वर्षं औषधांचं दुकान चालवतो. डॉक्टर नाही, फार्मसी शिकलेला दुकानदार आहे. पण बाजाराच्या दिवशी आसपासच्या वाड्यावस्त्यांवरची म्हातारी माणसं माझ्या काउंटरपुढे उभी असतात. कोणाची बीपीची गोळी किती दिवस बंद आहे, कोण महिन्याच्या गोळ्या पंधरा दिवसांच्याच नेतं, कोणाच्या हातापायांना सूज आली, हे मला त्यांच्या मुलांच्या आधी कळतं. त्या ओळखीच्या जोरावर हे पत्र लिहितो आहे.

काही वर्षांपूर्वी दिवाळीत एस.टी.तून चालक म्हणून निवृत्त झालेल्या एका तात्यांनी माझ्याकडून बीपीचं मशीन नेलं. वय ७१. आठवड्याभरात मशीन घेऊन परत आले. "हे खराब आहे. एकदा दीडशे दाखवतं, लगेच एकशेवीस दाखवतं, आणि मधेच एरर म्हणतं. आणि हे बारकं बदाम सारखं लुकलुकतंय." मी पट्टा माझ्या दंडाला गुंडाळला, आकडे व्यवस्थित आले. त्यांच्या दंडाला गुंडाळला, पुन्हा एरर. सेल बदलले. तरी तेच. मग मी त्यांना दुसरं मशीन दिलं. तीन दिवसांनी तेही परत आलं. मी पैसे परत केले. "जाऊ दे, आपल्या नशिबात मशीन नाही," म्हणाले आणि हसत गेले.

संक्रांतीनंतर त्यांची सूनबाई दुकानात आली. मोठ्या माणसांचे डायपर, नाकातून अन्न द्यायची रायल्स ट्यूब आणि गोळ्यांची मोठी यादी. सोबत हॉस्पिटलचं डिस्चार्ज कार्ड होतं. उजवी बाजू गेली, वाचा गेली, एवढं गावात कळलं होतंच. कार्डावर निदानाच्या ओळीत पहिली दोन अक्षरं होती 'एएफ'. एट्रियल फिब्रिलेशन. मी ते कार्ड हातात धरून तसाच उभा राहिलो. मशीन खराब नव्हतं. दोन्ही मशीनं खरं सांगत होती आणि मी, ज्याला याचा अर्थ कळायला हवा होता, सेल बदलत बसलो होतो.

आपल्याला हा आजार सांगायची गरज नाही, पण हे पत्र वाचणाऱ्या इतरांसाठी चार वाक्यं लिहितो. हृदयाचे वरचे दोन कप्पे एरवी एका ठेक्यात आकुंचन पावतात. या आजारात ते ठेका सोडून नुसते थरथरतात, मिनिटाला तीनशेहून जास्त वेळा. त्यातले जमतील तेवढेच इशारे खालच्या कप्प्यांपर्यंत पोचतात, तेही कसेही. त्यामुळे नाडी लागते ती बेताल. पाऊस सुरू होताना पत्र्यावर पहिले थेंब पडतात ना, दोन लागोपाठ, मग जरा थांबून एक, मग तीन घाईत, तशी. वरचा कप्पा नीट रिकामा होत नसल्याने डाव्या बाजूच्या एका खिशासारख्या कोपऱ्यात रक्त साचून गुठळी होते. ती सुटून मेंदूत गेली की लकवा. हा आजार असलेल्यांना लकव्याचा धोका इतरांपेक्षा सुमारे पाचपट असतो. आणि यातून येणारा लकवा बहुधा मोठा असतो, कारण गुठळी मोठी असते.

यात सगळ्यात वाईट गोष्ट ही की कितीतरी जणांना काहीच जाणवत नाही. छातीत दुखत नाही. थोडं दमायला होतं, त्याला "वय झालं" म्हणून सोडून देतात. पहिलं लक्षण म्हणून थेट लकवाच समोर येतो. वय वाढेल तसं हे प्रमाण वाढतं, आणि बीपी असेल तर आणखी वाढतं. आमच्या भागात साठीच्या पुढे बीपी नाही असं घर मला दाखवा.

बीपीचं मशीन का अडखळतं, तेही सांगतो. दंडाच्या पट्ट्यात हवा भरून ती हळूहळू सोडताना नाडीचे धक्के मोजून ते आकडे काढतं. प्रत्येक ठोका कमी-जास्त जोराचा असेल तर एका वेळचा आकडा दुसऱ्या वेळी जुळत नाही. म्हणून बऱ्याच डिजिटल मशीनांत अनियमित ठोक्यांची एक खूण ठेवलेली असते. तात्या ज्याला बारकं बदाम म्हणत होते, ती हीच. ऑक्सिमीटरचंही तसंच. करोनाच्या दोन वर्षांत मी किती ऑक्सिमीटर विकले याचा हिशेब नाही, आज ते घराघरांत देवघराशेजारच्या फळीवर पडून आहेत. त्यातला नाडीचा आकडा ७२, १०४, ८३ असा उड्या मारायला लागला तर तोही काहीतरी सांगत असतो. पण आपण सगळे ऑक्सिजनचा आकडा बघून डबी मिटतो.

आता मूळ मागणीकडे येतो.

आपल्याच विभागामार्फत आयुष्मान आरोग्य मंदिरांत ३० वर्षांपुढच्या सगळ्यांची असंसर्गजन्य आजारांसाठी तपासणी होते. बीपी, साखर, तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग. आशाताई घरोघर जाऊन सीबॅक फॉर्म, म्हणजे कोणाला आजाराचा धोका किती हे बघायचा प्रश्नांचा कागद, भरतात. त्यात साठीपुढच्यांसाठी वेगळे प्रश्न आहेत: उभं राहताना, चालताना तोल जातो का, रोजच्या कामाला दुसऱ्याची मदत लागते का, जवळच्यांची नावं विसरता का. फार चांगले प्रश्न आहेत. ज्यांनी ते घातले त्यांना म्हाताऱ्या माणसांची खरी जाण आहे. पण तोल जातो का असं विचारणारा तो कागद नाडीबद्दल मात्र काहीच विचारत नाही. नाडी नियमित की अनियमित, एवढा एक रकाना त्यात नाही.

तो रकाना घाला. ६५ वर्षांपुढच्या प्रत्येकासाठी, वर्षातून निदान एकदा, आणि बीपी तपासायला येतील तेव्हा प्रत्येक वेळी. मनगटावर अंगठ्याच्या बुडाशी तीन बोटं ठेवायची आणि पूर्ण एक मिनिट नाडी बघायची. याला वीज लागत नाही, नेटवर्क लागत नाही, निविदा काढावी लागत नाही. युरोपातल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०२०च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ६५ वर्षांपुढचा माणूस दवाखान्यात कशाहीसाठी आला तरी त्याची नाडी किंवा ईसीजी बघून घ्या, असंच सांगितलं आहे. आपल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेसाठीही वयाची अट ६५ आहे. चष्मा, श्रवणयंत्र, कमोडची खुर्ची, गुडघ्याचा पट्टा यांच्यासाठी तीन हजार रुपये मिळतात आणि त्यासाठी म्हातारी माणसं कागदपत्रं घेऊन रांगेत उभी राहतात. त्या रांगेत तरी कोणी त्यांचं मनगट हातात घेतलं असतं तर किती बरं झालं असतं.

या बाबतीत एक गैरसमज होऊ नये. मी घड्याळं वाटा म्हणत नाही. पुण्या-मुंबईत आणि अमेरिकेत असलेली मुलं आता आईवडिलांना ईसीजी काढणारी स्मार्ट घड्याळं पाठवतात. आमच्या आळीतल्या एका आजींना नातवाने पाठवलं. एका रात्री मनगटावर थरथर होऊन इंग्रजीत काहीतरी सूचना आली. आजींना वाटलं अमेरिकेतून फोन आला. त्या रात्रभर जाग्या. सकाळी माझ्याकडे आल्या, मी नाडी बघितली, ती त्या वेळी नियमित होती. डॉक्टरांनी ईसीजी काढला, मग दिवसभर ठोके टिपत राहणारं होल्टर यंत्र लावलं, आणि त्यात खरंच अधूनमधून लय बिघडलेली सापडली. घड्याळ उपयोगी पडलं, मी ते नाकारत नाही. पण ज्याच्या मागे नातू आहे, चार्जर आहे आणि सूचना वाचून सांगणारं कोणी आहे, त्याच्यापुरतं.

शिवाय जितकं जास्त बघत राहू तितका फायदा वाढतोच, असंही नाही. डेन्मार्कमध्ये ७० ते ९० वयाच्या सुमारे सहा हजार लोकांचा मोठा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २०२१ साली आले. काही जणांच्या छातीत कातडीखाली लय टिपणारं छोटं यंत्र बसवलं होतं. त्यांच्यात आजार तिपटीने जास्त सापडला, औषधंही जास्त जणांना सुरू झाली, पण लकवे ठळकपणे कमी झाले नाहीत. म्हणजे वर्षानुवर्षं नजर ठेवून पकडलेल्या काही मिनिटांच्या बिघाडाला तेवढा अर्थ नसावा. त्याच वर्षी स्वीडनच्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. तिथे ७५-७६ वर्षांच्या लोकांना बोलावून दोन आठवडे घरच्या घरी हातात धरायच्या छोट्या यंत्रावर ईसीजी काढायला लावला होता. तिथे फायदा दिसला, लहानसा का होईना. तज्ज्ञांचा वाद अजून चालू आहे आणि तो चालू राहो. मी ज्याबद्दल बोलतो आहे तो माणूस या वादाच्या बाहेर आहे. ज्याची नाडी दिवसाढवळ्या, कोणीही हात लावला तर बेताल लागेल आणि साध्या ईसीजीत निदान पक्कं होईल, तो. त्याला काय औषध द्यायचं याबद्दल वाद नाही. गुठळी रोखणारी योग्य गोळी नीट घेतली तर या आजारातले जवळपास दोन तृतीयांश लकवे टळतात.

नाडी अनियमित लागली म्हणजे हाच आजार, असंही नव्हे. अधूनमधून एखादा जादा ठोका पुष्कळांना पडतो आणि त्यात घाबरण्यासारखं नसतं. म्हणून रकान्यापाठोपाठ त्याच दिवशी ईसीजी व्हायला हवा. "पुढच्या आठवड्यात या" म्हटलं की वाडीवरची आजी परत येत नाही. तिची एक फेरी म्हणजे कोणाची तरी बुडालेली मजुरी. ईसीजी वाचायला गावात हृदयरोगतज्ज्ञ हवा, ही अडचणही आता उरलेली नाही. हृदयविकाराच्या झटक्यासाठी आपणच स्टेमी महाराष्ट्र प्रकल्पात लहान रुग्णालयात काढलेला ईसीजी दूर बसलेल्या तज्ज्ञाकडे पाठवून काही मिनिटांत निदान मागवायची सोय केली आहे. तीच वाट नाडीच्या या रुग्णांना खुली करा. गुजरातेत आणंद जिल्ह्यातल्या खेड्यांत गावच्याच आरोग्य कार्यकर्त्यांनी मोबाइलला जोडायच्या छोट्या पट्टीवर लोकांचे ईसीजी काढून हा आजार शोधला आहे. आमच्या आशाताई त्यांच्यापेक्षा कशात कमी आहेत?

होल्टरचं दुखणं वेगळं आहे. लय कधी बिघडते, कधी सुधारते, अशा माणसाचा साधा ईसीजी चांगलाच येतो, म्हणून २४ तास तारा लावून ठेवाव्या लागतात. नॉर्मन होल्टर यांनी अमेरिकेत हे यंत्र पहिल्यांदा बनवलं तेव्हा ते पाठीवर घ्यावं लागायचं आणि वजन ३८ किलोच्या आसपास होतं. आता ते गळ्यात लॉकेटासारखं अडकवता येतं. पण आमच्याकडून ते लावायला एकदा शहरात जायचं आणि दुसऱ्या दिवशी काढायला पुन्हा जायचं. खर्च हजारांत, शिवाय दोन दिवस सोबत एक माणूस. मी स्वतः तीन कुटुंबांना बघितलं आहे ज्यांनी डॉक्टरांची चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली ती तशीच राहिली. उपजिल्हा रुग्णालयात दोन-चार यंत्रं असली तरी हा प्रश्न निम्मा सुटेल.

आता गोळ्यांबद्दल, कारण ते माझं क्षेत्र आहे.

आमच्याकडे ॲस्पिरिनलाही "रक्त पातळ करायची गोळी" म्हणतात आणि गुठळी रोखणाऱ्या गोळ्यांनाही, म्हणजे जुन्या वॉरफेरिन, असेनोकुमारॉल आणि नव्या अपिक्सॅबॅन, डॅबिगॅट्रॅन यांनाही तेच म्हणतात. या एका नावाने फार नुकसान केलं आहे. लोक ॲस्पिरिन चालू आहे म्हणून निश्चिंत असतात. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये ॲस्पिरिन पुरत नाही. २०११ साली ॲस्पिरिन आणि अपिक्सॅबॅन यांची तुलना झाली तेव्हा अपिक्सॅबॅनने लकव्यांचं प्रमाण निम्म्याहून खाली आणलं होतं आणि मोठा रक्तस्राव जवळपास तेवढाच राहिला होता. तरी आजही माझ्याकडे असे रुग्ण येतात ज्यांच्या जुन्या कागदावर आजाराचं नाव स्पष्ट आहे आणि हातात पट्टी मात्र फक्त ॲस्पिरिनची आहे.

नव्या गोळ्यांची पेटंट संपली, देशी कंपन्यांची औषधं आली, किमती बऱ्याच खाली आल्या. डॅबिगॅट्रॅन २०२२ साली देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतही गेलं. पण गोळी आयुष्यभर, रोज, आणि बहुतेक वेळा दिवसातून दोनदा घ्यायची. दोनशे-तीनशे रुपयांसाठी ती मधेच थांबते, आणि एकदा थांबली की धोका जिथे होता तिथे परत येतो. ही औषधं ग्रामीण रुग्णालयात बीपीच्या गोळ्यांसारखी दर महिन्याला मिळाली पाहिजेत.

आणि वॉरफेरिन, असेनोकुमारॉल ही जुनी गोळीही मोडीत काढता येणार नाही. आमच्या भागात लहानपणीच्या सांधेज्वराने हृदयाची झडप आकुंचलेल्या बायका आहेत. चाळिशीतच त्यांची लय बिघडते. त्यांना नवी गोळी चालत नाही, जुनीच लागते, हे २०२२च्या एका मोठ्या अभ्यासात दिसून आलं. त्या गोळीला आयएनआरची, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो हे सांगणारी रक्ततपासणी लागते, आकडा दोन ते तीनच्या दरम्यान राखावा लागतो. खाली गेला तर गुठळी, वर गेला तर रक्तस्राव. ती तपासणी तालुक्यात नियमित आणि मोफत होत नसेल तर आपण त्या बाईला गोळी देऊन वाऱ्यावर सोडतो. त्यात कोणीतरी गुडघ्यासाठी वेदनाशामक देतं, कोणी गावठी चूर्ण देतं. माझ्या काउंटरवर मी "रक्ताची गोळी चालू आहे का?" हे विचारल्याशिवाय डायक्लोफेनॅकसारखं वेदनाशामक देत नाही. यावरून लोकांशी वाद होतात, होऊ देत.

उलट बाजूही सांगायला हवी. बिघडलेली लय सगळ्यांचीच वेगवान नसते. काहींची मंदावते. आमच्या शेजारच्या काकी वर्षभरात तीनदा न्हाणीत पडल्या. प्रत्येक वेळी "अशक्तपणा" म्हणून सलाईन लागलं. चौथ्यांदा पडल्या तेव्हा खुब्याचं हाड मोडलं, आणि ऑपरेशनआधीच्या ईसीजीत कळलं की ठोके मिनिटाला छत्तीस आहेत. पेसमेकर बसला. आता त्या स्वतः चालत दुकानात येतात, काठी घेऊन. पेसमेकर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतो, म्हणजे महागडा इलाज सरकार द्यायला तयार आहे. न्हाणीत पहिल्यांदा पडल्या तेव्हा मिनिटभर कोणी नाडी मोजली असती, तर तो इलाज हाड शाबूत असताना झाला असता.

लकव्याने आमच्या खेड्यांचं काय होतं याचा पुरावा आपल्याच राज्यात आहे. गडचिरोलीत 'सर्च' संस्थेच्या संशोधकांनी ८६ गावांमधल्या मृत्यूंची कारणं तपासली आणि २०१५ साली प्रसिद्ध केली. दर सात मृत्यूंत एक लकव्याने. ज्या भागाला आपण मलेरिया आणि कुपोषणाने ओळखतो, तिथे लकवा पहिल्या क्रमांकावर होता. त्यातले सगळे नाडीच्या बिघाडामुळे नसतील, मोठा वाटा बीपीचाच असणार. पण बीपीचा पट्टा बांधायला तो हात आपल्या समोर असतोच. मनगट त्याच हाताला आहे.

तात्यांच्या सूनबाईचं डिस्चार्ज कार्ड वाचल्यावर मी एक सवय लावून घेतली. मशीन परत करायला कोणी आलं, किंवा साठीपुढचं कोणी बीपीची गोळी न्यायला आलं, की मी त्यांना बाकड्यावर बसवतो, पाच मिनिटं विसावा घ्यायला लावतो आणि घड्याळ समोर ठेवून नाडी बघतो. बेताल लागली तर कोऱ्या कागदावर लिहितो: "नाडी अनियमित वाटते. कृपया ईसीजी काढावा." खाली माझी सही आणि दुकानाचा शिक्का. मी निदान करत नाही, तो माझा अधिकार नाही. काही डॉक्टरांना सुरुवातीला राग आला. त्यांतले एक आता स्वतःच फोन करून विचारतात, "आज कोणाला पाठवलंय का?"

राज्यातल्या प्रत्येक तालुक्यात आमच्यासारखी दुकानं आहेत. अन्न व औषध प्रशासनाच्या नियमाप्रमाणे तिथे नोंदणीकृत फार्मासिस्ट असावाच लागतो. या लोकांना एक दिवसाचं प्रशिक्षण द्या, छापील चिठ्ठीचं पुस्तक द्या आणि त्या चिठ्ठीवर प्राथमिक आरोग्य केंद्रात विनाप्रश्न ईसीजी निघेल असा आदेश काढा. मोबदला मागत नाही. आदेश मात्र हवाच, कारण आज माझी चिठ्ठी ज्याच्या हातात पडते त्याच्या मर्जीवर चालते.

तात्या आता ७६ वर्षांचे आहेत. दर महिन्याला मुलगा त्यांना मोटारसायकलवर पुढे बसवून आणतो. बोलता येत नाही, "हां" एवढंच येतं, पण कळतं सगळं. मी औषधं काढेपर्यंत ते बाकड्यावर बसतात आणि कोणी नवा माणूस बीपीचं मशीन घेऊन आला की डाव्या हाताने स्वतःचं उजवं मनगट धरून माझ्याकडे बघतात. आमचा बाजार मंगळवारी भरतो. आपल्यापैकी कोणीही, पूर्वसूचना न देता, एखाद्या मंगळवारी सकाळी दहा ते एकच्या दरम्यान या. बाकड्यावर माझ्या शेजारी बसा आणि येणाऱ्यांच्या नाड्या माझ्याबरोबर बघा.

आपला विश्वासू,
एक औषधविक्रेता
जिल्हा सातारा